जर्मन पक्कड घ्यावी का? मुंबईत पहिल्यांदा चांगली हत्यारं जमवणाऱ्यांसाठी

आधी उत्तर सांगून टाकतो. जर्मन बनावटीची साधी कॉम्बिनेशन पक्कड पहिल्या फेरीत घेऊ नका. नाशिकच्या सातपूरला बनणारी टपारियाची आठ इंची पक्कड तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळते आणि घरातलं, सोसायटीतलं बहुतेक काम ती बिनतक्रार करते. पण जबडा मागेपुढे सरकवता येणारी पक्कड आणि वायर कापायचा साइड कटर, या दोन हत्यारांत जर्मन मालाचा फरक असा आहे की एकदा वापरल्यावर तो कुणी समजावून सांगावा लागत नाही. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. दिवसाला चार-पाच इमारती, प्रत्येक ठिकाणी गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत चढणं, आणि येता-जाता लोकल. हत्यारांची बॅग खांद्यावर. त्यामुळे एखादं हत्यार चांगलं की वाईट हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो: काम अडतं का, आणि वजन वाचतं का. खाली जे लिहितोय ते त्या अनुभवातून. आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली मुलं, सोसायटीच्या कमिटीत दुरुस्त्यांचं खातं गळ्यात पडलेले सभासद आणि घरच्या घरी नळ-दिवे दुरुस्त करायची हौस असलेले, या सगळ्यांना ते लागू पडेल.

पायरी १: महिनाभर वही ठेवा

खरेदीला निघण्याआधी एक महिना थांबा. जेव्हा जेव्हा पक्कड हातात घ्याल तेव्हा दोन शब्द लिहा: काय धरलं, काय कापलं, कुठे हात घसरला. वहीत बाथरूमच्या अँगल कॉकचे नट, वॉशबेसिनखालचा बॉटल ट्रॅप, गॅलरीतल्या ग्रिलचे गंजलेले बोल्ट असं जास्त दिसलं तर तुम्हाला सरकत्या जबड्याची पक्कड हवी. स्विचबोर्ड, केबल, इन्व्हर्टरच्या वायरी असं दिसलं तर कटर. दोन्ही नसेल, नुसती खिळे उपसणं आणि तार पिरगाळणं असेल, तर जर्मन हत्याराचा विचार सोडून द्या, पैसे वाचले.

पायरी २: किंमत कशाची आहे ते समजून घ्या

जर्मनीच्या पश्चिम भागात वुपरटाल नावाचं शहर आहे. तिथली लोंबती रेल्वे, जिचे डबे रुळाखाली लटकून नदीवरून धावतात, ती १९०१ पासून सुरू आहे. त्या फोटोंमुळे नाव काहींना ठाऊक असेल. याच शहराच्या क्रोनेनबर्ग भागात सी. गुस्ताव पुच यांनी १८८२ मध्ये लोहारकामाचा कारखाना काढला. आजची क्निपेक्स कंपनी ती हीच. पकडी हाच तिचा मुख्य धंदा, आणि घराणं अजून तेच. हत्यारांच्या इतर कंपन्याही आसपासच्याच: शेजारच्या रेमशाइडमध्ये गेडोरे आणि हात्सेत, सुऱ्या-कात्र्यांच्या झोलिंगेनमध्ये एनडब्ल्यूएस, वुपरटालमध्येच श्टालविले. वीहा मात्र दूर दक्षिणेत, ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोनाखची. वुपरटालच्या त्या डोंगराळ पट्ट्यात ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे घण पिढ्यानपिढ्या होते. पोलाद तापवणं, ठोकणं, पाणी देणं ही विद्या तिथे शेतीसारखी घराघरात रुजली.

आता मुद्द्याचं. पक्कड म्हणजे दोन तुकडे आणि एक रिव्हेट. मग किंमत आठ-दहा पट का?

पहिलं कारण दातांचा कडकपणा. पोलादाचा कडकपणा रॉकवेल सी या मापात मोजतात. बाजारातला नेहमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण २२ ते ३४ च्या दरम्यान असतो. क्निपेक्सच्या कोब्रा या सरकत्या जबड्याच्या पकडीचे दात सुमारे ६१ असतात. म्हणजे दात बोल्टमध्ये रुततात, बोल्ट दातांना झिजवत नाही. स्वस्त पकडीत हा फरक कमी असतो, म्हणून सहा महिन्यांत दात गोल होतात आणि मग आपण जोर वाढवतो, हात सुटतो, बोटं भिंतीवर आपटतात. पण सगळी पक्कड ६१ ची केली तर ती काचेसारखी तडकेल. म्हणून दात आणि कापायची धार तेवढी वेगळी तापवून कडक करतात आणि बाकीचं अंग चिवट ठेवतात. हे दोन्ही एकाच तुकड्यात, प्रत्येक नगात सारखं साधणं हे महागाचं काम आहे.

दुसरं कारण सांधा. पक्कड उघडी धरून दोन्ही मुठी वर-खाली हलवून बघा. सांध्यात खुळखुळ असेल तर जबडे एकमेकांवर नीट बसणार नाहीत, आणि कटर असेल तर धारा एकमेकींना चुकवून जातील. चांगली पक्कड एका बोटाने उघडते, पण बाजूला तसूभरही हलत नाही. सैल आणि घट्ट यांच्यामधली ती जागा पकडणं अवघड आहे, आणि देशी मालात ती एखाद्या नगात सापडते, दुसऱ्यात नाही. मी टपारियाची पक्कडसुद्धा पाच-सहा नग हाताळूनच निवडतो.

पायरी ३: पहिली पक्कड कोणती

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चूक इथेच होते. लोक चार-पाच पकडींचा सेट घेतात. सेट घेऊ नका. सेटमधल्या दोन वापरात येतात, बाकीच्या डब्यात पडून राहतात.

दोन पर्याय आहेत. एक कोब्रा, २५० मिलिमीटर लांबीची. दुकानात हिला वॉटर पंप प्लायर म्हणतात. बटण दाबून वरचा जबडा थेट नटावर टेकवायचा आणि बटण सोडायचं, माप तिथेच अडकतं. दात फिरवायच्या दिशेविरुद्ध कललेले असल्यामुळे जोर दिला की पक्कड स्वतःच आवळत जाते. मुठी दाबून धरायची फारशी गरज राहत नाही. गोल पाइप असो की गंजून गोल झालेला नट, सुटतो. वजन साधारण ३३५ ग्रॅम. मी पाहिलेली किंमत तीन-साडेतीन हजारांच्या घरात. युरोच्या भावाप्रमाणे ती वरखाली होते.

दुसरा पर्याय प्लायर रेंच. दिसायला पक्कड, काम पान्याचं. हिचे जबडे गुळगुळीत असतात आणि कितीही उघडले तरी एकमेकांना समांतर राहतात. मुठीवरचा जोर जबड्यावर दहापट होऊन पोचतो. २५० मिलिमीटरची ५२ मिलिमीटरपर्यंतचा नट धरते. किंमत कोब्राच्या दुपटीच्या आसपास.

यातली कुठली? पाइप, गंज, जुनी इमारत असेल तर कोब्रा. क्रोमचे नळ, पितळी नट, नवीन फिटिंग असेल तर प्लायर रेंच. उलट केलंत तर नुकसान होतं. माझ्याच हातून झालंय: ओळखीच्या घरी नव्या शॉवरचा चकचकीत नट मी दातांच्या पाइप पान्याने आवळला आणि त्यावर कायमचे ओरखडे उठले. त्या काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडे गेलो की नजर त्या नटाकडे जातेच. गुळगुळीत जबड्याने ते झालं नसतं. प्लायर रेंच गोल पाइप मात्र धरू शकत नाही, तेवढी तिची मर्यादा लक्षात ठेवा.

माझ्या बॅगेत प्लायर रेंच आल्यावर १० पासून ३२ पर्यंतचे सहा-सात पाने घरी राहिले. संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलमध्ये खांद्यावरून दीड-दोन किलो उतरणं म्हणजे काय, हे ज्याने ते ओझं वाहिलंय त्याला कळेल. मला तिची किंमत तिथेच वसूल झाल्यासारखी वाटली.

कटर तिसऱ्या नंबरवर. रोज वायरिंग करणाऱ्याने तो आधी घ्यावा. १६० मिलिमीटरचा साइड कटर तांब्याच्या वायरीला पुरतो. कडक तार वरचेवर कापत असाल तर जास्त तरफ असलेला १८० चा. कॅटलॉगमध्ये प्रत्येक कटरपुढे मऊ तार, मध्यम कडक, कडक आणि पियानो वायर (स्प्रिंगसारखी अतिकडक तार) असे वेगवेगळे जाडीचे आकडे दिलेले असतात. घेण्याआधी ते वाचा. कापताना कटर डावीउजवीकडे पिळू नका. धार ६२-६४ रॉकवेलची असते. सरळ दाबाला ती वर्षानुवर्षं टिकते, पिळलं की टवका उडतो.

पायरी ४: पकडीवरचे आकडे वाचायला शिका

क्निपेक्सच्या बहुतेक पकडींवर सात आकडी क्रमांक असतो, उदाहरणार्थ ८७ ०१ २५०. पहिले दोन आकडे म्हणजे जात: ८७ कोब्रा, ८६ प्लायर रेंच, ७० साइड कटर, ०३ कॉम्बिनेशन. शेवटचे तीन म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. मधले दोन आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. ०१ असेल तर अंग काळपट आणि मुठीवर साधं प्लास्टिक. ०३ म्हणजे क्रोमचा मुलामा, प्लास्टिकची मूठ. ०५ म्हणजे क्रोम आणि जाड दुरंगी मूठ. ०६ म्हणजे क्रोम आणि विजेपासून संरक्षण देणारी मूठ.

मुंबईत मी ०१ घ्यायला सांगत नाही. ती स्वस्त असते आणि कोरड्या गावात उत्तम टिकेल, पण आपल्या हवेत जून ते सप्टेंबर त्या काळ्या अंगावर तांबूस भुकटी उठते. समुद्राच्या बाजूला राहत असाल, वरळी, वर्सोवा, कुलाबा, तर थोडे जास्त देऊन ०३ किंवा ०५ घ्या.

आता विजेबद्दल, आणि हे काळजीपूर्वक वाचा. लाल प्लास्टिक म्हणजे इन्सुलेशन नव्हे. ०१, ०३ आणि ०५ ची मूठ फक्त हात घसरू नये म्हणून असते. वीज अडवणाऱ्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. आयईसी ६०९०० हे तिचं मानक, आणि त्यानुसार पक्कड १०,००० व्होल्टला तपासलेली असते. जर्मन मालावर सोबत व्हीडीई या तिथल्या विद्युत तपासणी संस्थेची खूण दिसते. एवढं असूनही घरच्या २३० व्होल्टवर चालू लाइनमध्ये हात घालू नका. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, मग पक्कड लावा. मुठीला चीर पडली, वितळली, तर ती पक्कड विजेच्या कामातून कायमची बाद. वर टेप गुंडाळून ती परत सुरक्षित होत नाही. मशीनरूममध्ये मी टेप गुंडाळलेल्या पकडी खूप पाहिल्या आहेत आणि दर वेळी जीव घाबरा होतो.

पायरी ५: नागदेवीला जा, हात लावून घ्या

ऑनलाइन मिळतं, पण पहिली पक्कड हातात धरूनच घ्या. मस्जिद स्टेशनला पश्चिमेला उतरून नागदेवी स्ट्रीटला चालत जाता येतं. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो; दुपारनंतर हातगाड्या, पेट्या आणि माथाडी यांच्यातून वाट काढणंही कठीण. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद. विजेच्या सामानासाठी लोहार चाळ जवळच आहे, कटर तिथेही बघता येतील.

घरून एक जुना नट आणि वायरीचा तुकडा खिशात न्या. दुकानदाराला विचारून पकडीने नट धरून बघा. कटर असेल तर तो मिटून ट्यूबलाइटसमोर धरा: धारांमधून उजेड दिसता कामा नये. मग पातळ कागदाची पट्टी फक्त टोकाने कापा. कागद फाटला किंवा दुमडला तर तो नग बाजूला ठेवा. वायरीतली एकच बारीक तार टोकाने तुटते का तेही बघा. महाग कटर विकणारा दुकानदार याला हरकत घेत नाही. घेतली तर पुढच्या दुकानात जा.

पक्कं बिल मागा. हातहत्यारांवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि विनाबिल थोडं स्वस्त देतो असं कुणी म्हणालं तर मोह टाळा, कारण नकली माल याच वाटेने येतो. मी सुरुवातीला एका फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून ‘जर्मन’ पक्कड निम्म्याहून कमी भावात घेतली होती. आठवड्यात दात सपाट झाले आणि मुठीचं प्लास्टिक तेल लागून चिकट झालं. तेव्हापासून खुणा बघतो: अंगावरचा क्रमांक स्वच्छ आणि खोल आहे का, मुठीला रबराचा उग्र वास येतो का, बटणाचं स्प्रिंग सरळ परत येतं का, जबड्याच्या कडेला ओतीव लोखंडासारखी खरखर आहे का. आणि सगळ्यात सोपी खूण भाव. अधिकृत विक्रेत्याच्या निम्म्या भावात खरी जर्मन पक्कड मिळत नाही.

पायरी ६: पावसाळा

काम झालं की पुसा. दर पंधरा दिवसांनी सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोनदा उघडझाप, जादा तेल पुसून टाका. फोमच्या कप्प्यांची पेटी दिसायला छान, पण फोम ओल धरून ठेवतो. सुती कापडात गुंडाळणं बरं. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, हत्यारांच्या डब्यात टाका.

पकडीने ठोकू नका. मुठीवर पाइप चढवून लांबी वाढवू नका.

पायरी ७: जमवायच्या असतील तर

एक-दोन चांगल्या पकडी झाल्या की ओढ लागते, हे खरं आहे. दहा सेंटिमीटरची छोटी कोब्रा खिशात मावते, ती बघितली की हवीशी वाटते. माझा नियम असा आहे की नवी पक्कड घ्यायची ती वहीत तीनदा अडलेल्या कामासाठीच. नव्या हत्याराची किंमत दुकानातून बाहेर पडताच उतरते, त्यामुळे गुंतवणूक म्हणून नव्या पकडी जमवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

जुन्या पकडींची गोष्ट निराळी, आणि मुंबई त्यासाठी भाग्यवान आहे. रे रोडच्या दारूखान्यात वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली. जहाजाच्या इंजिनरूममधली हत्यारं तिथल्या भंगारात येतात, आणि काही चोर बाजारात मटण स्ट्रीटवर पोचतात. तिथे काळ्या गंजाखाली कधी कधी अस्सल माल असतो. अंगावरचा शिक्का वाचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो नग १९४९ ते १९९० या काळातला, कारण त्याआधी आणि नंतर त्या नावाचा देशच नव्हता. ‘जीडीआर’ किंवा ‘डीडीआर’ असेल तर पूर्व जर्मनीचा. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर काळ ठरवणं अवघड. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द मालावर आले ते ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे. परदेशी माल ओळखू यावा, लोकांनी तो टाळावा, हा तिथल्या सरकारचा हेतू होता. झोलिंगेन-रेमशाइडच्या कारागिरांनी त्याच शिक्क्याला मान मिळवून दिला. असा शिक्का घासून वर आला की मला फार आनंद होतो.

अशी पक्कड घरी आणली तर दोन दिवस रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, पितळी ब्रशने घासा, सांधा हळूहळू मोकळा करा. ग्राइंडरला लावू नका. धार तापून निळसर झाली की पोलाद ३०० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं आणि दिलेलं पाणी उतरलेलं असतं; दिसायला चकाचक, कामाला मऊ. धार लावायचीच तर ऑइलस्टोनवर हाताने, थांबत थांबत. जुन्या पकडीची मूठ कशीही दिसो, तिला विजेच्या कामाला लावू नका.

राहिलं हत्यार हरवण्याचं. साइटवर चांगली पक्कड उसनी जाते आणि परत येताना दुसरीच येते. नाव कोरायचं तर धातूच्या भागावर, रिव्हेटच्या बाजूला, एचिंग पेनने हलकं कोरा. इन्सुलेटेड मुठीवर चाकूने खूण करू नका, एका चिरेत ते संरक्षण गेलं. मी माझ्या सगळ्या पकडींना रिव्हेटजवळ नेलपॉलिशचा हिरवा ठिपका देतो. सहा महिन्यांनी तो झिजतो, तेव्हा परत द्यायचा.